एकोणसाठ

सकाळी सातला मी हजेरी मांडतो,
जिनिंगच्या वजनकाट्याशेजारी, पत्र्याच्या खोलीत.
पार्बता डोमाजी उईके, वय एकोणसाठ.
भागरता शालिक नेहारे, एकोणसाठ.
कवडू नथ्थू भोयर, एकोणसाठ.
गेल्या हंगामातही हेच लिहिलं होतं,
त्याच्या आधल्याही.
ठेकेदाराच्या विम्याच्या फॉर्मवर साठचा आकडा बसत नाही,
म्हणून आमच्या जिनिंगमध्ये
कोणी साठी गाठत नाही.

गावची पोरं बुटीबोरीला गेली, हैदराबादला गेली.
पार्बताचा नातू पुण्यात मॉलसमोर टोपी घालून
गाड्यांना शिट्टी वाजवतो म्हणे.
उरलेल्यांत मीच लहान, चौतीसचा,
आणि मलाही चष्मा आहे.

मागच्या साली मालकानं म्हाताऱ्यांना घरी बसवून पाहिलं.
बाहेरून अठरा पोरं आणली,
हसरी, मोबाईलवर गाणी लावणारी.
होळीला गेली ती परतलीच नाहीत.
चरख्या बंद. कापसाच्या गाड्या
थेट डांबरी रस्त्यापर्यंत लागलेल्या.
मग मला पाठवलं, मोटारसायकलवर, घरोघर.

भागरता अंगणात तूर पाखडत होती.
"येतो मी. पण मले स्टूल पायजे."
स्टूल?
"कवडी वेचाले खाली बसलो
का उठवाले दोन जणी लागतात.
एक वेचते, दोघी उचलतात,
परवडते का तुह्या मालकाले?"
मी हसलो. ती हसली नाही.

पार्बता म्हणाली, मुतारी गोदामाच्या मागं आहे,
तिथून येतपर्यंत परत जा लागते.
कवडूला रात्रपाळी नको होती, डोळ्यात मोती उतरलेला.
बाकी तो तयारच होता, चप्पल घालूनच बसलेला.
"घरी चाय भेटते," म्हणाला,
"तिथं चाय सांगता येते."

साऊबाई खाटेवरून उठली नाही.
"चाळीस वर्स रुई गिळली, बाप्पा.
आता हा खोकलाच माह्या पगार.
अन् म्हाताऱ्याईले कामाची लय हौस असते
असं कोणाले सांगजो नको."
मी पाणी पिऊन निघालो.

स्टुलाचं मालकाला सांगितलं तर म्हणाले,
बसलेला माणूस काम करतो आहे
असं पाहणाऱ्याला वाटत नाही.
मी तेव्हा बसूनच होतो, पेन हातात.
काही बोललो नाही.

शेवटी कवडूनेच केले,
वखाराच्या मोडक्या फळ्यांचे, बाभळीच्या पायांचे,
एकूण पाच, त्यातला एक डुगडुगता.
मुतारीचं मात्र पुढच्या हंगामात बघू म्हणाले.
पार्बता सकाळचा चहा सोडून देते आता,
आणि उन्हात दुपारभर
पाण्याच्या तांब्याकडे पाहत नाही.

खोटं कशाला लिहू,
वेचणं पूर्वीसारखं होत नाही.
जिथं वीस किलो निघायचे तिथं तेरा निघतात.
पण तेरा निघतात.
चरख्या चालतात, गाड्या रिकाम्या होतात,
संध्याकाळी पाच जणी
एकमेकींच्या डोक्यावरची रुई झटकतात,
तरी केस पांढरेच राहतात
आणि त्यावरून रोज एखादी जोक करते.

पाच म्हटलं.
चौथ्या दिवशी साऊबाई आली होती.
तोंडाला पदर बांधलेला.
निराधारचा पगार तीन महिने जमा नाही,
हे मला बँकेतल्या पोराकडून नंतर कळलं.
तिनं तो डुगडुगता स्टूल उचलला,
दारापाशी, वाऱ्याला नेऊन ठेवला.
मी वय विचारलं नाही.
एकोणसाठ लिहिलं.

काल सगळे गेल्यावर
मी त्याच स्टुलावर बसून पाहिलं.
तिथून कापसाची गंजी फार उंच दिसते,
आणि गेट फार लांब.
उठताना हात आपोआप गुडघ्यावर गेला.
कोणी पाहिलं नाही.